मौनाची मुदत

ही गोष्ट २०२५ सालची. पितृपक्षातला शुक्रवार होता आणि सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. वेळेच्या बाबतीत वासंतीबाई रिसबूड आता कुणाला सूट देत नाहीत, स्वतःला तर मुळीच नाही, म्हणून ती पाच मिनिटंसुद्धा सांगायची. त्यांची नात स्वराली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती; शुक्रवारी तिला घरून काम करायची मुभा असे. वासंतीबाई तिचा चहा घेऊन गेल्या, कागदांच्या पसाऱ्यात कप ठेवायला जागा शोधू लागल्या, आणि शोधता शोधता त्यांची नजर पडद्यावर गेली. एक तक्ता होता. नऊ नावं, एकाखाली एक. आठ नावांपुढचे रकाने कोरे होते. नवव्या नावापुढे हिरवी खूण होती आणि लिहिलं होतं, 'मौन'. नववं नाव त्यांचं होतं.

"हे काय गं? माझ्यापुढे ही खूण कसली?"

"अगं, मुदत आज पाचला संपतेय ना. कोणाचं ऑब्जेक्शन येतंय का ते ट्रॅक करतेय."

"पाचला संपतेय. आत्ता अकरा वाजलेत."

"हो, पण तू काय बोलणारेस? तू तर घरातलीच." स्वरालीनं चहाचा घोट घेतला. "आजी, साखर विसरलीस."

वासंतीबाई साखरेचा डबा घेऊन आल्या, चमचाभर साखर घातली, ढवळली, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. रागावल्या नाहीत. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं होतं. खाली तांबट आळीत हातोड्या चालू होत्या. तिसऱ्या मजल्यावर येईतो त्या ठोक्यांचा कर्कशपणा गळून जाई आणि नुसती लय उरे. कसब्यात बारा वर्षं राहून त्यांना ती ऐकूही येईनाशी झाली होती. आज आली. प्रत्येक ठोका वेगळा. हिरवी खूण. 'तू काय बोलणारेस.' मुलीनं हे लाडानं म्हटलं होतं, आणि लाडानं म्हटलं होतं म्हणूनच ते लागलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईविषयी तिच्या नातीनं काढलेला हा निष्कर्ष होता, आणि त्याला पुरावा भरपूर होता.

तक्ता कसला, तेही सांगायला हवं. बारा देशांचा एक गट आहे. चार मोठे, आठ लहान. त्यातला एक तर इतका लहान की त्याची सगळी माणसं कसबा नि शनिवार पेठेत मावतील. जगातल्या दांडग्यांच्या भांडणात आपण चेपले जाऊ नये म्हणून सत्तरच्या दशकात हे बारा जण एकत्र आले. दिल्लीत सचिवालय थाटलं गेलं आणि वासंतीबाईंनी तिथे एकतीस वर्षं नोकरी केली. सभांचं टिपण घेणारी लघुलेखिका म्हणून लागल्या, दप्तरप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. आता त्या गटासाठी विचारविनिमय करणारं एक केंद्र पुण्यात निघालं होतं. पुढच्या पाच वर्षांत गटानं आधी काय करावं आणि मग काय, याचा मसुदा त्या केंद्रानं तयार केला होता. नऊ सल्लागारांच्या संमतीनं तो मंत्र्यांच्या बैठकीत जायचा होता. वासंतीबाई त्या नवांतल्या एक. स्वराली त्याच केंद्रात कंत्राटावर कामाला होती. केंद्राचा संचालक सौमित्र हा वासंतीबाईंच्या दिल्लीतल्या मैत्रिणीचा मुलगा. तो त्यांची ओळख 'आपल्या संस्थेची स्मृती' अशी करून द्यायचा. "म्हणजे जुनं कपाट," वासंतीबाई म्हणायच्या, "उघडायचं नाही, पण टाकवतही नाही." लोक हसत. त्याही हसत.

आणि मौनाची मुदत ही सरकारा-सरकारांमधली जुनी रीत. मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि वेळ ठरवून द्यायची. त्या वेळेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांना तो मान्य आहे असं धरायचं. एकानं जरी तोंड उघडलं, तरी मसुदा पुन्हा टेबलावर. रीत सोयीची होती. हात वर करावा लागत नाही, सही करावी लागत नाही, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. माणूस झोपलेला असला, आजारी असला, घाबरलेला असला, तरी त्याचं मत मोजलं जातं.

वासंतीबाईंचं लग्नसुद्धा याच रीतीनं ठरलं होतं. सत्तर साली रिसबूड मंडळी बघायला आली, त्याच्या आदल्या दिवशी त्यांची दाढ काढली होती आणि गालात कापसाचा बोळा होता. अनंतरावांच्या आईनं विचारलं, "मुलगा पसंत आहे ना?" वासंती खाली बघत राहिली, कारण तोंड उघडलं असतं तर लाळ गळली असती. "लाजली हो!" सगळे म्हणाले, आणि पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी त्यांनी अनंतरावांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणजे आपला संसार कापसाच्या बोळ्यावर उभा आहे म्हणायचा." संसार चांगला झाला. हवामान खात्यातला सरळ, थोडा विसराळू माणूस. बायकोच्या नोकरीचा त्याला अभिमान होता. तिथेच घोटाळा झाला, असं त्यांना आज खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं. गप्प राहून एकदा भलं झालं की गप्प राहण्यावर विश्वास बसतो. मग माणूस गप्प राहण्यालाच शहाणपण समजू लागतो, आणि लोकही समजतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी नात पुढ्यात हिरवी खूण करून ठेवते.

मसुदा त्यांनी आठवड्यात दोनदा वाचला होता, भिंग लावून, त्रेचाळीस पानं. सुरुवात फर्डी होती. जगाची घडी बदलते आहे, दांडगे देश दारं लावून घेताहेत, जकातीच्या भिंती उभ्या राहताहेत, समुद्रातले रस्ते कुणाच्या ताब्यात जातील याचा नेम नाही; अशा वेळी गटानं बंदरं, खनिजं आणि संगणकाच्या चिपा यांना अग्रक्रम द्यावा. खोटं त्यात काही नव्हतं. एकोणिसाव्या पानावर सामाईक धान्यसाठ्याचं कलम होतं. जुन्या करारात वाक्य होतं, संकटात साठ्यावर पहिला हक्क सर्वांत लहान सदस्यांचा. नव्या मसुद्यात ते नव्हतं. त्या जागी होतं, साठ्याचं वाटप योगदानाच्या प्रमाणात. सोमवारी हे वाचलं तेव्हा त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं. मग त्यांनी पान उलटलं होतं.

हक्काचं ते जुनं वाक्य कुठून आलं हे नवांपैकी फक्त त्यांनाच ठाऊक होतं. १९८७ साली साठ्यासाठी तीन कोठारं बांधायची ठरली. पहिल्या बेतात एक कोठार त्या सगळ्यांत लहान देशात, बेटावरच, होतं. मग मोठ्या देशांनी तिन्ही कोठारं आपापल्या बंदरांत घ्यायचं ठरवलं, मसुदा बदलला, आणि तो मौनाच्या मुदतीवर लावला. बेटाचे प्रतिनिधी तोलोआ नावाचे गृहस्थ होते, मूळचे शाळामास्तर. सचिवालयातल्या बायकांना नावानं हाक मारणारा तो एकटा पाहुणा. वासंती हे नाव त्यांनी पहिल्याच दिवशी नीट म्हणून दाखवलं होतं, प्रत्येक अक्षर वेगळं करून, फळ्यावर लिहिल्यासारखं. जेवताना ताटात भाताचं शीत ठेवत नसत. "आमच्याकडे बोट महिन्यातून एकदा येते," ते म्हणाले होते, "त्यामुळे आमची मुलं आधी बोटी मोजायला शिकतात, मग आकडे." ते घरी परतले आणि मसुदा त्यांच्यामागून टेलेक्सनं गेला. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. पाचला दहा मिनिटं कमी असताना टेलेक्सचं यंत्र खडखडलं आणि वासंतीबाईंनी कागद फाडून घेतला. बेटाची हरकत होती. चार ओळी, स्वच्छ. त्या कागद घेऊन उपसचिव चोप्रासाहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी तो वाचला, घडी घातली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंही नाही, आणि मऊ आवाजात म्हणाले, "वासंतीजी, पाँच तो बज चुके हैं ना?"

त्या काही बोलल्या नाहीत.

नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. एअर कूलरमधल्या वाळ्याचा वास होता, साहेबांच्या टेबलावर काचेखाली मुलांचे फोटो होते, आणि त्यांना अनंतरावांच्या बदलीचा अर्ज याच साहेबांच्या ओळखीनं पुढे सरकवायचा होता. ही कारणं त्यांनी पुढे लावली की तेव्हाही होती, आता सांगता येत नाही. बाहेर येऊन त्यांनी आवकनोंद केली, पाच वाजून वीस मिनिटं. आपल्या अक्षरात. अक्षर सुरेख होतं, त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं. तीन आठवड्यांनी तोलोआमास्तरांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, आमच्या वीजघराचा काही भरवसा नाही, त्या दिवशी वीज गेली असणार आणि निरोप अडकला असणार. उशीर झाला याबद्दल मी क्षमा मागतो, आपल्याला निष्कारण त्रास झाला. पत्र त्यांनी फायलीला लावलं. क्षमासुद्धा ठेवून घेतली. नव्वद साली अनंतराव एका संध्याकाळी घरी आले आणि बूट सोडता सोडता म्हणाले, "तुमच्या त्या बेटावरून वादळ गेलं गं आज. नकाशावर ठिपका दिसत नाही, त्यावरून बरोब्बर." धान्याचं जहाज बेचाळिसाव्या दिवशी पोचलं. अहवालात एक ओळ होती, 'वृद्ध व बालके यांस झळ पोहोचली.' ती ओळ टंकनाला वासंतीबाईंच्या हातून गेली. त्यानंतर, शरमेनं म्हणा, मोठ्या देशांनी ते वाक्य करारात घातलं: पहिला हक्क सर्वांत लहानांचा. कोठार दिलं नाही, वाक्य दिलं. आणि आता तेही जात होतं.

"स्वराली," त्या म्हणाल्या, "मला हरकत घ्यायची आहे."

स्वरालीनं कानातला इअरफोन काढला. "काय?"

"एकोणिसाव्या पानाला. खूण पूस ती."

"आजी, जोक करतेयस ना?" मग तिनं आजीकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "अगं, सोमवारी मंत्र्यांकडे जाणारे ते. चौदा महिने काम केलंय आम्ही त्याच्यावर. तुला काही वाटत होतं तर आधी नाही का बोलायचं?"

"बोलायला हवं होतं. फार आधी."

"म्हणजे आता? लास्ट मोमेंटला? आणि ते कलम मी लिहिलंय, माहितीये तुला? सरांनी मला पहिल्यांदा स्वतंत्र कलम दिलं. ऑक्टोबरात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. लोक काय म्हणतील, घरातूनच सुरुंग लावला!" तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

वासंतीबाईंना ते वाक्य कुणी लिहिलं हे ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्या क्षणभर गप्प झाल्या. गप्प झाल्या आणि लगेच ओळखलं की हीच ती जागा. अशाच असतात त्या. समोर आपलं माणूस असतं, त्याचं काहीतरी अडलेलं असतं, आणि गप्प राहणं ही माया वाटते. "वाईट वाटतंय मला," त्या म्हणाल्या. "तरी घेणार."

स्वरालीनं सौमित्रला फोन केला असणार, कारण साडेतीनला तो स्वतः हजर झाला, मेट्रोनं. हातात खारी बिस्किटांचा पुडा, कपाळावर घाम. त्यानं वाकून नमस्कार केला. वासंतीबाईंनी आशीर्वाद दिला आणि खुर्ची दाखवली.

"मावशी, पितृपक्षात चांगल्या कामाला विघ्न आणताय होय?"

"पितरांचंच काम आहे. बस."

तो हसला, पण बसला पुढे झुकून. "तुमचा मुद्दा मला पटतो हो. अगदी शंभर टक्के. पण काळ बघा. बाहेर सगळी घडी विस्कटलीये. कोण कधी जकात लावेल, कोण कुठलं बंदर अडवेल, काही सांगता येत नाही. अशा वेळी आपण बारा जण एका आवाजात बोलतोय, एवढंच आपलं भांडवल. त्यात फट दिसली की संपलं."

"एका आवाजात कुठे बोलताय? एका सुरात गप्प आहात."

"मावशी..."

"थांब, मला बोलू दे, मला सवय नाही, मध्ये तुटलं तर पुन्हा जमायचं नाही. दांडगे देश आपल्याला काय म्हणतात? ज्याचं जास्त, त्याचं आधी. त्याचा राग आला म्हणून हा गट झाला ना? मग आपल्यातल्या लहानांना आपण तेच सांगायचं? तर मग वेगळी चूल कशाला मांडलीत? त्यांच्याच पंगतीत बसा खालच्या टोकाला, निदान वाढपी तरी एकच लागेल."

स्वराली खिडकीशी उभी होती. तिनं मान वळवली नाही.

सौमित्रनं पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. "ठीक. एक करा. मला एकट्याला लिहा. खाजगीत. मी ते टिपण म्हणून जोडतो, पुढच्या वर्षीच्या फेरविचारात घेतो. शब्द देतो. मौनही मोडणार नाही, तुमचंही म्हणणं राहील."

त्याचा आवाज मऊ होता. मुलगा वाईट नव्हता. लहानपणी दिल्लीत त्यांच्या मांडीवर बसून त्यानं पोळीचा लाडू खाल्ला होता. चोप्रासाहेबही वाईट नव्हते. त्यांनी सचिवालयातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न लावून दिलं होतं. वाईट माणसं भेटली असती तर किती सोपं झालं असतं, असं वासंतीबाईंना वाटलं. हातोड्या थांबल्या होत्या, खाली चहा आला असणार. त्या उठल्या, टेबलाशी गेल्या आणि स्वरालीच्या खुर्चीत बसल्या. "माझी मेल उघडून दे," त्या म्हणाल्या. स्वराली जागची हलली नाही. मग आली. मधल्या बोटानं काहीतरी दाबलं आणि पुन्हा खिडकीशी गेली. मुलगी संतापली होती, पण आजीला अडवणार नव्हती. वासंतीबाईंनी ते मनात टिपून ठेवलं.

दोन बोटांनी टंकायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. सौमित्रनं दोनदा घड्याळ बघितलं. मजकूर थोडा होता. एकोणिसाव्या पानावरील बदलास माझी हरकत आहे. पहिला हक्क सर्वांत लहान सदस्यांचा, हे वाक्य जसंच्या तसं राहावं. एवढ्यावर थांबता आलं असतं. हरकत पुरी झाली होती. त्यांनी पुढे लिहिलं: 'या वाक्यामागचा इतिहास सांगणे माझे कर्तव्य आहे. १९८७ साली बेटाची हरकत मुदतीत, चार वाजून पन्नास मिनिटांनी, माझ्या हाती आली होती. पाच वाजून वीस मिनिटे ही दप्तरातील नोंद खोटी आहे. ती माझ्या हातची आहे. माझ्यावर कोणी सक्ती केली नव्हती. मी गप्प राहिले.'

"स्वराली, हे सगळ्यांना जायला काय दाबायचं?"

सौमित्र मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं वाचलं होतं. "मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "हे कशाला? कुणी विचारलंय का? तुमचं नाव..."

"माझं नाव तुझ्या तक्त्यात आहेच," त्या म्हणाल्या. "सांगतेस ना गं?"

 खिडकीकडून, पाठमोऱ्या स्वरालीचा घोगरा आवाज आला. "रिप्लाय ऑल. डावीकडून दुसरं बटण."

सव्वाचार वाजले होते.

पावणेपाचच्या आत आणखी दोन हरकती आल्या, दोन्ही लहान देशांतल्या सल्लागारांच्या. एकीत लिहिलं होतं, कुणीतरी सुरुवात करील याची वाट बघत होतो. मसुदा टेबलावर परत गेला आणि चार महिने राहिला. शेवटी जे ठरलं ते अर्धंमुर्धं: संकटाच्या पहिल्या तीस दिवसांत पहिला हक्क सर्वांत लहानांचा, मग प्रमाणात वाटप. वासंतीबाईंना ते पटलेलं नाही, आणि तसं त्यांनी लेखी कळवलंय.

सौमित्र अजून संचालक आहे. मंत्र्यांपुढे त्याला खाली बघावं लागलं, ते तो विसरलेला नाही. दिवाळीला फोन करतो, मावशी म्हणतो, कामाचं बोलत नाही. सल्लागार मंडळाची डिसेंबरात फेररचना झाली. वासंतीबाईंची निरोपाची शाल कुरियरनं आली, नारळाशिवाय. स्वरालीचं कंत्राट वाढलं नाही. तीन आठवडे ती आजीशी कामापुरतं बोलली. मग लोणी काळभोरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागली. रोज दीड तास बसनं जाते, बसला शिव्या घालते. वर्गात मौनाच्या मुदतीचा धडा घेते आणि शेवटी मुलांना विचारते, कुणाला काही शंका? आणि कुणी हात वर करेपर्यंत तास सोडत नाही, म्हणून मुलं तिच्यावर चिडून आहेत. चोप्रासाहेब कधीच गेले. अनंतराव त्यांच्याआधी गेले. वासंतीबाईंनी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं.

दिल्लीच्या दप्तरात त्या पानाला एक दुरुस्तीचा कागद जोडला गेला. चार-पन्नास. त्याची प्रत बेटालाही गेली, आणि या फेब्रुवारीत तिकडून एक पत्र आलं. तोलोआमास्तर दोन हजार चार साली वारले. पत्र त्यांच्या मुलीचं होतं, ती नर्स आहे. तिनं लिहिलं होतं की वडील मरेपर्यंत वीजघराच्या माणसाला दोष देत राहिले. एकाच गल्लीत राहून सतरा वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. वादळात ज्यांची माणसं गेली तेही, कोठार त्याच्यामुळेच हुकलं असं धरून, त्याच्याशी बोलले नाहीत. तो माणूस आता ब्याण्णव वर्षांचा आहे. तिनं वासंतीबाईंचा मजकूर त्याच्या घरी जाऊन त्याला मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा, कारण त्याला कमी ऐकू येतं. त्यावर तो म्हणाला, त्या बाईंना कळव, त्या दिवशी वीज गेलीच नव्हती. मी तेव्हाही सगळ्यांना ओरडून सांगत होतो.